बापाची सही

पादोव्हा, इटली
९ सप्टेंबर २००७

आई,

गावाकडे येणारी साव्हाची व्हॅन चार वाजता सुटते, म्हणून इथेच पार्किंगच्या कठड्यावर बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर चालवून घ्या. फोनवर सांगितलं असतं, पण शेजारच्या लिद्याच्या घरी जाऊन फोनवर बोलायचं म्हणजे अर्ध्या गल्लीला ऐकवायचं, हे तुम्हीच म्हणता.

माझे कागद झाले. तीन वर्षं इथे चोरासारखी राहिले, आता नाही. मुलांना आणायचा अर्जही पुढे सरकलाय. परवा एक माणूस घर बघायला आला. दोन्ही खोल्या फिरला, मुलांच्या खोलीला खिडकी आहे का विचारलं. आहे. तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, पण ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मी रोज कागद-पेन्सिल घेऊन प्रवासाचं ठरवत बसते. विमान मनात होतं, पण मातेयला घोडागाडीतसुद्धा ओकारी होते, त्याला आकाशात काय होईल कोण जाणे. साव्हा म्हणतो, "पुढच्या दोन जागा पोरांना. पोरगा हिरवा पडला की मी थांबलोच." दोन दिवस लागतील. मी स्वतः न्यायला येईन. लिंबं, कोरडे टोस्ट, भरपूर पिशव्या, आणि एकेक जोडी कपडे सगळ्यात वर, हे सगळं लिहून काढलंय.

तुम्ही एवढं करा. मुलांच्या लसींचं पुस्तक शोधून ठेवा. इलिंकाची दाढ दाखवा, तिकडेच झालेली बरी. साव्हा बाजारात जाईल तेव्हा मातेयला दोन-तीनदा गाडीत बसवून आणा, सवय होईल. आणि दोघांच्या कोटाच्या अस्तरात माझा नंबर शिवून टाका. गर्दीत हात सुटला तर.

एकच कागद राहिलाय. मुलांना देशाबाहेर न्यायला बापाची संमती लागते, नोटरीसमोर केलेली सही. मी कचेरीतल्या बाईला सांगितलं, नवरा रशियात बांधकामावर गेला, साडेतीन वर्षांत त्याची खबर नाही. ती म्हणाली, मग कोर्टाकडून तसं लिहून आणा. त्यासाठी तुम्हाला उभं राहून सांगावं लागेल, की माझा मुलगा अनातोल याच्याकडून मला इतकी वर्षं काही कळलेलं नाही. एक वाक्य आहे, आई. जड आहे, मला माहीत आहे. पण एकच आहे.

मुलांना माझे पापे द्या.

रोदिका


नुकारी, मोल्दोव्हा
२३ सप्टेंबर २००७

रोदिका,

आम्ही तिघं धडधाकट आहोत, तूही असशील. द्राक्षांची तोडणी चालू आहे. पोरं संध्याकाळी जांभळ्या तोंडाने घरी येतात आणि तशीच झोपतात, धुवायला गेले तर लाथा मारतात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अस्तरात नंबर शिवायला ती काय पार्सलं आहेत? मातेयला बाजारापर्यंत नेऊन आणलं. साव्हाच्या गादीवर ओकला, मग गाडीच्या पायरीवर, मग माझ्या चांगल्या शालीवर. त्याला तू चार सरहद्दी ओलांडून नेणार. तू निघालीस तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता, तुला दोष देत नाही, पण त्याच्यासाठी तू लिद्याच्या फोनमधली बाई आहेस. तो विचारतो, "त्या बाईच्या घरी किती दिवस राहायचं?" मी काय सांगू?

इलिंकाची दाढ काढली. रडली नाही.

आता तुझं ते वाक्य. ते मी म्हणणार नाही. तू रागावशील, पण सांगते. दिवेलागणीला आपल्या फाटकाची कडी वाजते. आपला उर्सू परक्याला सोडत नाही, टपालवाल्याची पोटरी जाऊन बघ. पण त्या कडीला तो भुंकत नाही. उठतो, शेपूट हलवतो, आणि विहिरीपर्यंत कोणाच्या तरी मागे मागे जातो. मग तिथे बसून राहतो. एकदा नाही, दोनदा नाही, गेल्या थंडीपासून. आणि मातेय विहिरीपाशी बोलत असतो. कोणाशी रे, विचारलं तर म्हणतो, "बाबांशी." त्याने बापाचं तोंड धड पाहिलेलं नाही. अनातोल गेला तेव्हा तो पाळण्यात होता.

ज्या घरात माझा मुलगा येतो-जातो, त्या घरातून उठून मी कोर्टात जाऊ आणि त्याची खबर नाही म्हणू? तो येईल तेव्हा स्वतः सही करील. तोवर पोरं इथे आहेत, खाऊनपिऊन आहेत.

साव्हाबरोबर अक्रोड आणि मनुका पाठवल्यात.

आगाफ्या


पादोव्हा
७ ऑक्टोबर २००७

आई,

अक्रोड मिळाले. अर्धे एल्दाबाईंना दिले, मी जिच्याकडे काम करते त्या म्हातारीला. तिला आता दात नाहीत आणि कोणाची ओळखही राहिलेली नाही, पण हातात धरून बसते, आवाज करते.

मी रागावले नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मातेय पाच वर्षांचा आहे. पाच वर्षांचं मूल घरात जे ऐकतं तेच बोलतं. विहिरीवर बाबा येतात हे त्याच्या डोक्यात घातलं कोणी? कडी वाऱ्याने वाजते. उर्सू म्हातारा झालाय, त्याला आता मांजर आणि टपालवाला यांतला फरक कळत नसेल.

तो येईल तेव्हा सही करील, म्हणता. मीही वाट पाहिली. इथे पहिलं वर्षभर रस्त्यात त्याच्या चालीचा कोणी दिसला की मागे जायचे. एकदा बसमध्ये चढले, तीन थांबे गेले, तेव्हा तो माणूस वळला. आता जात नाही.

आई, परवाना कायमचा नसतो. पुढच्या उन्हाळ्याच्या आत मुलं आली नाहीत तर सगळं पहिल्यापासून. मी दोन पलंग आणलेत, एकावर एक असतात तसे. इलिंका वर, मातेय खाली. रोज चादरी ठीक करते. तुम्ही माझ्याशी भांडा, पण मुलांना त्या नसलेल्या माणसाशी बांधून ठेवू नका.

रोदिका


नुकारी
२१ ऑक्टोबर

आई,

हे पत्र मी साव्हाकाकांच्या हातात दिलं. आजीला माहीत नाही. आजीचं पत्र या वेळी नाही, ती म्हणाली तिला वेळ नाही.

मला वाचनात दहापैकी नऊ मिळाले. मी न्यायच्या सामानाची यादी केलीय. माझी वही, लाल बूट, आजीने विणलेली टोपी, अक्रोड, आणि मातेयचा लाकडी घोडा. मातेयला विहीर न्यायची आहे. मी त्याला सांगितलं विहीर नेता येत नाही तर तो रडला.

तुला एक विचारायचं आहे. आजी चार ताटं मांडते. आम्ही तिघंच आहोत. मी विचारलं चौथं कोणाचं, तर म्हणाली, जेव. नंतर त्यातली मक्याची मामालिगा कोंबड्यांना घालते.

काल मातेय म्हणाला की विहिरीवरच्या माणसाला थंडी वाजते. आजीने त्याला खांद्याला धरलं आणि विचारलं, "त्याच्या हातात घड्याळ होतं का? चौकोनी? निळ्या तबकडीचं?" मातेय हो म्हणाला. पण आई, मातेय सगळ्याला हो म्हणतो. तू हत्ती पाहिलास का विचारलं तरी हो म्हणतो. आजी मग तळघरात गेली आणि वाइनच्या पिंपांमध्ये खाली बसली. मग आली आणि आम्हाला चहा दिला.

बाबांचं असं घड्याळ होतं का? मला आठवत नाही. मला फक्त त्यांची मिशी आठवते.

तू कधी येणार ते नक्की लिही. नक्की म्हणजे तारीख.

तुझी इलिंका


पादोव्हा
११ नोव्हेंबर २००७

आई,

इलिंकाने मला पत्र पाठवलं. तिला रागावायचं नाही, हे आधी सांगते. तिने कसलीही चुगली केलेली नाही, एक प्रश्न विचारला.

अनातोल घरातून गेला तेव्हा त्याच्या हातात घड्याळ नव्हतं. जुनं बिघडलं म्हणून तो घरीच टाकून गेला. ते चौकोनी, निळ्या तबकडीचं घड्याळ त्याने रशियात घेतलं, बाजारात, दुसऱ्या एका मजुराकडून. मला हे कसं माहीत? २००४ च्या ईस्टरला त्याचा फोन आला, तेव्हा त्याने सांगितलं. तो शेवटचा फोन. मी लिद्याच्या ओसरीत उभी होते, तुम्ही घरी मुलांपाशी होतात. त्या घड्याळाबद्दल मी कोणाला बोलले नाही. तुम्हालाही नाही. का नाही, ते माझ्यापाशी राहू दे.

मग तुम्ही ते घड्याळ कुठे पाहिलंत?

रोदिका


पादोव्हा
१६ डिसेंबर २००७

आई,

पाच रविवार झाले. साव्हा म्हणतो, तुम्ही फाटकापर्यंत येत नाही, पोरगी येऊन पिशवी घेते. फोनवर बोलावलं तर लिद्या म्हणते, तुमचे पाय दुखतात. तुमचे पाय दुखत नाहीत. मी वाट बघतेय. नाताळचे कपडे पाठवलेत, मातेयचे थोडे मोठे घेतलेत.

रोदिका


नुकारी
२० जानेवारी २००८

रोदिका,

लिहायला बसते आणि शाई गोठते, असं लिहिणार होते. शाई नाही गोठत. खोली गरम आहे.

घड्याळ माझ्या पेटीत आहे, लग्नातल्या चादरींच्या खाली. तीन वर्षं झाली.

तू गेलीस त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. फेब्रुवारीत एक माणूस दारात आला. नदीपलीकडचा, निस्तोर नावाचा. तो काय घेऊन आलाय ते मला तो बोलायच्या आधीच कळलं, कारण बाहेर हाडं फुटतील अशी थंडी होती आणि त्याने टोपी काढून हातात धरली होती. मी त्याला आत घेतलं, वाइन दिली, सूप दिलं. त्याने खाल्लं, मग सांगितलं. पोरं शेगडीमागे झोपली होती.

तो अनातोलबरोबर कामाला होता. एप्रिलची वीस तारीख होती. दिवसा बर्फ वितळायचं आणि सकाळपर्यंत परांचीच्या फळ्यांवर पुन्हा गोठायचं. चौथा मजला. निस्तोर म्हणाला, पडताना ओरडलासुद्धा नाही. त्या माणसांपैकी कोणाकडेच कागद नव्हते, म्हणून मुकादमाने दुपारपर्यंत सगळ्यांना पांगवायचं ठरवलं. अनातोलला इमारतीमागे पाइनच्या झाडांत पुरलं. क्रूस करायला वेळ दिला नाही. मेणबत्ती नव्हती. निस्तोरने काडी ओढली, ती वाऱ्याने विझली, दुसरी ओढली, तीही. मग मुकादम ओरडला. अनातोलच्या हातातलं घड्याळ तेवढं निस्तोरने आधीच काढून घेतलं होतं, घरी द्यायला. त्याला माझं दार शोधायला दहा महिने लागले.

मी त्याला पवित्र चित्रासमोर उभं केलं आणि कोणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. तो म्हणाला, "काकू, त्याच्या बायकोला तरी." मी म्हटलं, "तिला तर मुळीच नाही."

का, ते तू विचारशील. पहिल्या दिवशी मला वाटलं, मी बोलले नाही तर ते झालेलंच नाही. दुसऱ्या दिवशी मला तुझी भीती वाटली. तू तरुण आहेस. विधवा झालीस तर तिथे कोणी भेटेल, आणि पोरं एके दिवशी त्या व्हॅनमध्ये बसून जातील. नवरा जिवंत आहे तोवर तू या फाटकाला बांधलेली. खरं हे आहे. मी त्याचं मरण दाबलं ते पोरांना धरून ठेवायला.

आणि रोदिका, त्याची किंमत मी नाही दिली, त्याने दिली. मेणबत्तीवाचून गेलेल्याला तिकडे वाट दिसत नाही, हे माझ्या आईने मला शिकवलं. नंतर तरी लावायची असते, गव्हाची खीर करून वाटायची असते, नाव घ्यायचं असतं. मी काही केलं नाही, केलं असतं तर गावाला कळलं असतं. दर रविवारी पाद्र्याकडे चिठ्ठी द्यायची, एका बाजूला जिवंतांची नावं, दुसऱ्या बाजूला मेलेल्यांची. मी त्याला जिवंतांत लिहीत आले. देवासमोर, माझ्या हाताने.

म्हणून तो येतो. मी तुला खोटं नव्हतं लिहिलं. मातेयच्या डोक्यात मी काही घातलेलं नाही. उलट पहिल्यांदा तो "बाबा" म्हणाला तेव्हा मी त्याच्या थोबाडीत मारली. तो म्हणाला, "आजी, ते विचारतात इथे एवढा अंधार का आहे." दुपारचे बारा वाजले होते. अंगणात डोळे दिपतील एवढं ऊन होतं.

आता तुला काय करायचं ते कर.

आगाफ्या


पादोव्हा
३ फेब्रुवारी २००८

आई,

तुमचं पत्र एल्दाबाईंच्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग तिला भरवलं, तिचे पाय धुतले, दुपारचं सगळं केलं. मला वाटलं होतं मी पडेन. नाही पडले.

त्या वर्षी ईस्टर अकरा एप्रिलला होता. वीस एप्रिलला तो गेला. म्हणजे फोननंतर नऊ दिवस.

मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं होतं, तो मजेत आहे, सगळ्यांना ईस्टरचे आशीर्वाद दिलेत. तुम्ही क्रूसाची खूण केलीत. तो मजेत नव्हता. तो म्हणाला, "रोदिका, फळ्यांवर बर्फ असतो. मला वर जायची भीती वाटते. मी येतो घरी." मी म्हटलं, "खिडक्या बसल्या नाहीत अजून. चौकटींना प्लास्टिक लावलंय, मुलं खोकतात. शरदापर्यंत काढ कसंतरी." लिद्याच्या ओसरीत गार होतं, मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मग त्याने विषय बदलला आणि घड्याळाचं सांगितलं. चौकोनी, निळं, पोरांना दाखवीन. मला राग आला. मी म्हटलं, घड्याळ घ्यायला पैसे आहेत. त्यानंतर लाइन तुटली, की त्याने फोन ठेवला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

खिडक्या मी नंतर इथून पैसे पाठवून बसवल्या. ज्या काचेतून तुम्ही विहीर बघता, ती.

म्हणून मी त्या घड्याळाबद्दल कोणाला बोलले नाही. आणि म्हणूनच, बहुतेक, तो हरवला आहे यावर विश्वास ठेवायला मला सोपं गेलं. हरवलेला माणूस कधीतरी चिडून निघून गेला, असं म्हणता येतं.

तुम्हाला मी माफ केलं असं लिहीत नाही. तुमच्याकडेही मागत नाही. आज नाही. एक मात्र सांगते, कारण दुसरं कोणाला सांगणार. परवा एल्दाबाई खिडकीशी बसल्या होत्या. दुपार होती. महिनाभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. दाराकडे बघून म्हणाल्या, "तो माणूस पार भिजलाय. टॉवेल दे त्याला." दारात कोणी नव्हतं. मी टॉवेल घेऊन गेले, आई. दारातल्या खुर्चीवर ठेवला.

आता तुम्ही जा. कोर्टात जा, निस्तोरला घेऊन जा. आणि पाद्र्याकडे जा. कोर्टाच्या आधी पाद्र्याकडे. मुलांसाठी नका करू, माझ्यासाठी नका करू. त्याला उजेड मिळू दे.

रोदिका


नुकारी
६ एप्रिल २००८

रोदिका,

झालं.

पाद्र्याने मला ओरडायला हवं होतं. ओरडला नाही. म्हणाला, "बाई, एवढं ओझं घेऊन तू रोज पाणी कसं भरलंस?" मग मला खीर करायला सांगितली. मी गहू शिजवला, वर साखरेचा क्रूस काढला. वाटताना लिद्याने विचारलं, कोणाची? मी नाव घेतलं. तिच्या हातातून वाटी पडली. संध्याकाळपर्यंत गाव आपल्या अंगणात होतं. कोणी मला बोललं नाही, पण कोणी माझ्याशेजारी बसलंही नाही. बरोबर आहे त्यांचं.

कोर्ट अठरा मार्चला होतं. निस्तोर आला, दाढी करून, जावयाचा कोट घालून. न्यायाधीश तुझ्या वयाची बाई होती. तिने विचारलं, "आजी, इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर तो मेला असता." टंकलेखन करणारी मुलगी थांबली, तिला हे कसं लिहावं कळेना. न्यायाधीश म्हणाली, "लिही, भीतीपोटी." तर तसं लिहिलंय. मग मला खाली सही करायला दिली. मी सही केली. बापाची सही हवी होती, आईची झाली.

कागद साव्हाबरोबर पाठवते, चिकटपट्टी लावून. उघडू नकोस असं त्याला सांगितलंय, म्हणजे तो उघडणार.

थडग्याचं पाद्र्याने असं सुचवलं. ईस्टरनंतर आठवड्याने येणाऱ्या सोमवारी सगळे जेवण घेऊन आपापल्या मेलेल्यांकडे जातात, त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांच्या शेजारी जागा खणायची आणि घड्याळ पुरायचं. दुसरं काही नाही आपल्याकडे त्याचं. तू ये त्याला. मग पोरांना घेऊन जा.

मातेयला चौथ्यांदा बाजारात नेलं. या खेपेला नाही ओकला. साव्हाने त्याला टोपी दिली, तेव्हापासून तो ड्रायव्हर आहे. नंबर दोघांच्या अस्तरात शिवलाय. दोन्ही कोटांत, दोन्ही बाजूंनी.

कडी अजून वाजते.

आगाफ्या


पादोव्हा
१ जून २००८

आई,

पोचलो. फोनवर तेवढंच बोलता आलं, बाकीचं लिहिते. आपण दोघी कबरस्तानात आणि नंतरही एकमेकींशी फार बोललो नाही. तुम्ही मला सूप वाढलंत, मी भांडी घासली. तेवढंच जमणार होतं.

तुम्ही फाटकात उभ्या होतात तोवर मातेय काचेला नाक लावून होता. वळण आल्यावर ओकला. मग झोपला. इलिंकाने सगळ्या पिशव्या गुडघ्यावर धरल्या होत्या आणि यादी बघून एकेक वस्तू तपासत होती.

सरहद्दीवर, प्रुट नदीच्या पुलावर दीड तास थांबलो. अधिकारी अगदी पोरगेला होता, तोंडावर लाल ठिपके. मी सगळे कागद पुढे केले, जन्माचे दाखले, परवाना, कोर्टाचा निकाल. तो निकाल त्याने पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग पासपोर्ट मिटून व्हॅनच्या दारात वाकला. मुलांना विचारायची त्यांची पद्धत असते, कोणी पळवून नेत नाही ना बघायला. मातेयला म्हणाला, "काय ड्रायव्हर, तुझे बाबा कुठे आहेत?"

इलिंकाने तोंड उघडलं, पण मातेय आधी बोलला. "घरी आहेत. आजीजवळ. आता त्यांना थंडी वाजत नाही."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. कागदावर मेलेला, पोराच्या तोंडी घरी. मला वाटलं, आता आम्हाला उतरवणार. मी म्हटलं, "घड्याळ पुरलंय तिथे." एवढंच सुचलं. त्याने शिक्का मारला. कागद परत देताना टोपी काढली होती.

मातेय मला अजून "तुम्ही" म्हणतो. पाणी हवं असेल तर "मिळेल का" विचारतो. पहिल्या दिवशी घरभर फिरून विहीर शोधली. मी त्याला नळ दाखवला, त्याने मान हलवली, पाहुण्याच्या घरी हलवतात तशी. इलिंका झोपताना माझं मनगट धरते, हात नाही, मनगट, सुटू नये म्हणून.

दारातल्या खुर्चीवर टॉवेल अजून आहे. उचलायला हात होत नाही.

इथे तिसरा पलंग मावतो. मी आज मापून बघितलं. हे मी प्रेमाने लिहितेय की रागाने, ते मलाच कळत नाही, पण लिहितेय.

रोदिका


नुकारी
१३ जुलै २००८

रोदिका,

पोरांचे पापे घे. मातेयला सांग, उर्सू बरा आहे.

कडी वाजत नाही. त्या सोमवारनंतर एकदाही नाही. वारा आला तरी नाही. मला वाटलं गंजली, म्हणून जाऊन हलवून पाहिली. चांगली आहे. उर्सू दिवेलागणीला मान वर करतो, ऐकतो, मग पुन्हा पंजांवर ठेवतो. पाद्री म्हणतो, हेच हवं होतं, त्याला वाट मिळाली. मी हो म्हणते. तुला म्हणून सांगते, मी विहिरीपाशी बसून राहते. दुपारीसुद्धा. तो अंधारात होता तेव्हा निदान माझ्या अंगणात होता. मी आई आहे, मला असं वाटू नये. वाटतं.

घरात एवढा आवाज असायचा हे मला पोरं गेल्यावर कळलं. काल मी एक ताट मांडलं आणि बराच वेळ ते बरोबर आहे का ते बघत बसले.

तुझ्या पलंगाबद्दल. प्रेमाने लिहिलंस की रागाने, मलाही कळलं नाही. दोन्हींसाठी येईन. घड्याळ पुरल्याला वर्ष होईल तेव्हाचं श्राद्ध मी इथेच घालणार, त्याआधी हलणार नाही. पण कागदाला वेळ लागतो हे तुझ्याकडून शिकले, म्हणून साव्हाबरोबर जिल्ह्याच्या गावी गेले, पासपोर्टचा फोटो काढायला.

फोटोवाल्याने विचारलं, "आजी, या वयात कुठे?" मी म्हटलं, नातवंडांकडे. तो म्हणाला, "हसायचं नाही, दात दिसायला नकोत." मी म्हटलं, त्याची काळजी करू नकोस. त्याने माझ्या मागे पांढरा पडदा सोडला, रुमाल काढायला लावला, हनुवटी वर करायला लावली. दोनदा उजेड पडला.

फोटो हातात आले ते अजून ओले होते. मी ते खिडकीशी नेले आणि चष्मा लावून नीट बघितले. एक म्हातारी, केस विस्कटलेले. तिच्या मागे पडदा. दोन्ही खांद्यांच्या वर बघितलं, कोपऱ्यांत बघितलं. फोटोवाला म्हणाला, "काय शोधताय?" मी म्हटलं, काही नाही.

माझ्या मागे कोणी नव्हतं.

आगाफ्या